आबांच्या माशातला ०.६२ पारा : एका रिपोर्टची पूर्ण गोष्ट

एप्रिल २०२४ मधलं प्रकरण आहे. परभणी जिल्ह्यातलं, गोदावरीपासून आठ-दहा किलोमीटर आत असलेलं गाव. गावाचं नाव लिहीत नाही कारण तिथल्या लोकांना अजून मासे विकायचेत. मी उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकलो आणि आता शेततळ्यातल्या मत्स्यपालनाचा सल्ला देत फिरतो, म्हणजे निम्मा दिवस मोटारसायकलवर आणि निम्मा फोनवर.

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, मीही आबाच म्हणतो, आणि ते मला सर म्हणतात, कितीही सांगितलं तरी. आबांकडं एक ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं, प्लास्टिक कागद टाकलेलं, काठोकाठ भरलं की २१.९६ लाख लिटर पाणी. त्यात ऑगस्टमध्ये हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, सोडलेली, रोहू, कटला आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प). एप्रिलपर्यंत रोहू अर्धा-पाऊण किलोचे झालते आणि अंदाजे साडेचार क्विंटल माल तयार होता. याशिवाय गावाबाहेर एक जुनं मातीचं गावतळं आहे, ते आबांनी ग्रामपंचायतीकडून भाड्यानं घेतलंय, तिथं विशेष काही करत नाहीत, बीज सोडतात आणि देव देईल ते काढतात. हे दुसरं तळं लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथूनच आलाय.

शहरातल्या एका केटरिंगवाल्यानं सगळा माल १२० रुपये किलोनं घ्यायचं ठरवलतं. त्याच्याकडं एका मोठ्या मेसचं काम होतं आणि त्या मेसवाल्यांनी माशाचा लॅब रिपोर्ट मागितला, जड धातूंचा. आता हे चांगलंच आहे, आपल्याकडं कोण मागतं रिपोर्ट. केटरिंगवाल्याचा पोरगा येऊन मासे घेऊन गेला आणि आठ दिवसांनी आबांना फोन आला.

"आबा, तुमच्या माशात पारा जास्त निघालाय."

"निघणारच की, काल परभणीत बेचाळीस होता. मी रातभर एरेटर चालू ठिवलाय, मासे मस्त हायेत."

हे संभाषण आबांनी मला नंतर जसंच्या तसं सांगितलं आणि तेव्हा दोघंही हसलो, पण त्या दिवशी हसायची सोय नव्हती. समोरच्यानं सांगितलं की तापमानाचा पारा नाही, तो चांदीसारखा पळणारा, थर्मामीटरमधला, तो माशाच्या अंगात आहे, मर्यादा ०.५ आहे आणि तुमचा ०.६२ आलाय, त्यामुळं सौदा कॅन्सल. आबांनी मला लगेच रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअपवर टाकला. तुम्हाला माहितीच आहे असे फोटो कसे असतात, तिरपा, सावली पडलेला, आणि खालच्या ओळींवर काढणाऱ्याचा अंगठा. मी आकडा बघितला, एकूण पारा ०.६२ मिलिग्रॅम प्रति किलो, आणि लगेच म्हणलं, आबा विक्री थांबवा, घरीपण खाऊ नका.

हे मी चुकलो. शिकलेला माणूस आकडा बघून घाबरला आणि अंगठ्याखाली काय आहे ते विचारायचं विसरला. पुढचे बारा दिवस आबांचे मासे तळ्यात बसून रोज साडेतीनशे रुपयांचं खाद्य खात होते, वरून पाणी आटत होतं, आणि याला निम्मा जबाबदार मी आहे.

दुसऱ्या दिवशी गावात गेलो तर वातावरण वेगळंच. आबांचे बंधू म्हणायले की बोअरचं पाणीच खराब असणार, पाणी तपासा. आणि मी जाईपर्यंत त्यांनी पाण्याची बाटली पाठवूनपण टाकली होती. तिचा रिपोर्ट नंतर आला, पारा सापडलाच नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडं मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, त्याच्या खाली. बंधू खूश झाले, बघा पाणी स्वच्छ म्हणजे मासे स्वच्छ. पण पाऱ्याच्या बाबतीत हा हिशोब बसतच नाही. पाण्यात मोजायलाही येणार नाही इतका थोडा मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं अंगात साठणारं घातक रूप, असतो, तो आधी शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती घेतात, त्यांना बारीक किडे खातात, किड्यांना छोटे मासे, छोट्यांना मोठे, आणि प्रत्येक पायरीला तो साठत जातो कारण शरीरातून निघायला त्याला फार वेळ लागतो. शिकारी माशाच्या मांसात तो पाण्यापेक्षा दहा लाख पट किंवा त्याहून जास्त सापडू शकतो. त्यामुळं पाण्याचा रिपोर्ट हातात धरून माशाबद्दल काही म्हणता येत नाही, ना चांगलं ना वाईट. ते पैसे गेले.

मग बंधूंची दुसरी थिअरी निघाली आणि ती मात्र मला ऐकावी लागली. शेडच्या मागच्या फळीवर एक गंजलेला डबा होता, उसाचं बेणं बुडवायच्या औषधाचा, लेबल निम्मं गेलेलं. जुन्या शेतकऱ्यांना हे औषध माहिती आहे. लागणीच्या आधी उसाच्या टिपऱ्या या पाऱ्याच्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचे, कुज लागू नये म्हणून. बाकी सगळ्या वापरावर बंदी आली तरी ऊस आणि बटाट्याच्या बेण्यासाठी बरीच वर्षं त्याला सूट होती. ती सूटही ऑगस्ट २०१८ मध्ये संपली, केंद्र सरकारनं ज्या औषधांवर बंदी आणली त्या यादीत हे होतं. आबांच्या डब्यात तळाला मूठभर पावडर होती, दगडासारखी घट्ट झालेली. बंधूंचं म्हणणं होतं की हातपाय त्याच तळ्यावर धुतले असतील, पिंप तिथंच विसळलं असेल, म्हणून माशात आलंय.

ही शंका वेड्यासारखी अजिबात नाही. इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात असंच झालंय, बुरशीनाशक म्हणून मिथाइल पारा लावलेलं बियाणं बाहेरून आलं, पेरायचं होतं, लोकांनी दळून भाकरी केल्या. साडेसहा हजार लोक दवाखान्यात आणि ४५९ मेले, हा फक्त दवाखान्यात नोंद झालेला आकडा. पोत्यांवरची सूचना लोकांना न कळणाऱ्या भाषेत होती आणि बियाण्याचा लाल रंग धुतला की जायचा, लोकांना वाटलं रंग गेला म्हणजे विष गेलं. आपल्याकडं गुलाबी लावलेलं बियाणं धुवून कोंबड्यांना टाकणारे लोक मी स्वतः बघितलेत, म्हणून हा किस्सा मी गावोगाव सांगतो.

पण डबा आणि तळं यांचा संबंध लागत नव्हता. आबांच्या उसाचा पट्टा खालच्या अंगाला, शेततळं वरच्या अंगाला, कागद २०१९ ला टाकलेला, आणि आबा म्हणाले की बेणं कायम खालच्या पाटावरच बुडवायचो, वर पाणी होतंच कुठं. गावतळं तर पार दुसऱ्या टोकाला. तरीपण गावतळ्याच्या गाळाचा एक नमुना घेतला, नंतर कुणी बोट दाखवू नये म्हणून. त्यात आला ०.०४, साध्या जमिनीत असतो तसाच. डबा दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून झाकणाच्या बादलीत ठेवला आणि कृषी सहायकांना कळवलं. आबा म्हणत होते विहिरीजवळ खड्डा करून पुरून टाकू. विहिरीजवळ! मी हातच जोडले.

आता मूळ रिपोर्टकडं येतो. केटरिंगवाल्याकडं स्वतः जाऊन कागद हातात घेतला. तळाला, बरोबर अंगठ्याच्या जागी, बारीक अक्षरात लिहिलेलं की निकाल कोरड्या वजनावर. म्हणजे मांस आधी पूर्ण वाळवलं, पावडर केली आणि त्या पावडरीच्या किलोमागं ०.६२. ती लॅब मुख्यतः माती आणि खतांचे नमुने करते आणि मातीत कोरड्या वजनावरच सांगायची पद्धत आहे, त्यांच्या हिशोबानं त्यांनी काही चुकीचं केलं नाही, लिहिलंही होतं. पण माशाची ०.५ ही मर्यादा ओल्या मांसाची आहे, जसा आपण बाजारातून आणतो तसा. रोहूच्या मांसात पाऊणपेक्षा जास्त पाणीच असतं. या नमुन्यात ओलावा ७८ टक्के लिहिलेला, म्हणजे उरलं २२ टक्के. ०.६२ ला ०.२२ नं गुणा, येतं ०.१३६. मर्यादेच्या जवळपास चौथा हिस्सा. वाळलेल्या मिरचीचं वजन आणि ओल्या मिरचीचं वजन एक धरून भाव केला तर जे होईल तेच इथं झालं.

केटरिंगवाल्याला हे सांगितलं, तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, आणि शेवटी म्हणाला, सर तुम्ही म्हणता ते बरोबर असेल पण मेसवाल्यांनी ०.६२ बघितलाय, आता त्यांना गुणाकार कोण शिकवणार. सौदा गेला तो गेलाच.

इथं प्रकरण संपायला पाहिजे होतं, पण मला ०.१३६ पण पटत नव्हता. लोक म्हणतील मर्यादेच्या आत आहे ना मग कशाला उकरता. उकरायचं कारण असं की आठ महिन्यांचा, कागदाच्या तळ्यातला, तांदळाचा कोंडा आणि सोयाबीन पेंड खाल्लेला रोहू एवढा पारा आणणार कुठून? अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिकडच्या अन्न-औषध खात्यानं, वर्षानुवर्षं मासे तपासून सरासऱ्या काढल्यात, त्यात तिलापिया ०.०१३ आणि कॅटफिश ०.०२४, हे दोन्ही तिकडं बहुतेक तळ्यातलेच असतात. त्याच यादीत शार्क ०.९७९ आणि तलवार मासा ०.९९५, आणि आपल्या सुरमईची तिकडची चुलत बहीण किंग मॅकरेल ०.७३. म्हणजे मासा म्हणून सगळे एकच, पण पाऱ्याच्या हिशोबात सत्तर-सत्तर पटींचा फरक. आबांचा रोहू ०.०२-०.०३ च्या आसपास बसायला पाहिजे होता, ०.१३६ म्हणजे पाचपट.

तर शेवटी ज्यानं नमुना नेला त्या पोराला फोन लावला. चांगला पोरगा होता, सगळं आठवत होतं त्याला.

"किती मासे नेले होते दादा?"

"तीन. आबांनी टोपलं दाखवलं, त्यातले निवडले."

"तिन्ही रोहू?"

"दोन ते खवल्याचे. आणि एक मस्त लांब, काळा, सापासारख्या तोंडाचा. तोच सगळ्यात भारी दिसत होता म्हणून घेतला."

मरळ! त्या दिवशी आठवडी बाजार होता आणि आबांच्या पोरानं सकाळी गावतळ्यात फेकजाळं मारलेलं, तो माल आणि शेततळ्यातून नमुन्याला काढलेले चार रोहू एकाच टोपल्यात. लॅबवाल्यांनी तिन्हीचं मांस सारखं सारखं घेऊन एकत्र वाटलं आणि एकच आकडा दिला. नमुन्याच्या कागदावर फक्त लिहिलेलं, मासा, ३ नग.

मग आम्ही परत नमुने घेतले, यावेळी नीट. शेततळ्यातले रोहू वेगळे, गावतळ्यातला सायप्रिनस वेगळा, गावतळ्यातली मरळ वेगळी. प्रत्येकाची लांबी-वजन लिहून, पाठीच्या जाड भागातलं मांस स्टीलच्या सुरीनं काढून, प्रत्येक माशाला सुरी आणि पाट धुवून, वेगळ्या पिशवीत, बर्फात. लॅबही दुसरी निवडली, अन्नाचे नमुने करणारी, आणि आधी फोन करून दोन गोष्टी विचारल्या, निकाल ओल्या वजनावर देणार का, आणि कमीत कमी किती मोजता येतं तुम्हाला. हे दुसरं महत्त्वाचं आहे, काही ठिकाणी ०.१ च्या खाली मोजतच नाहीत, तिथं सगळंच ०.१ पेक्षा कमी असं येतं आणि रोहू-मरळ एका रांगेत बसतात.

निकाल आले, शेततळ्यातले दोन रोहू ०.०२ आणि ०.०३, गावतळ्याचा सायप्रिनस ०.०७, आणि मरळ, अडीच किलोची मादी, ०.३४. आता दोन रोहू आणि ही मरळ यांची सरासरी काढा, ०.१३ येते. पहिल्या नमुन्यातली मरळ दुसरी होती त्यामुळं तंतोतंत जुळणार नाही, पण ०.१३६ च्या शेजारीच बसली. मला त्या दिवशी गणित सुटल्यावर होतो तसा आनंद झाला, आबांना झाला नाही, त्यांना साडेचार क्विंटल मासे दिसत होते.

आता एकाच गावात, एकाच पावसाचं पाणी, आणि ०.०२ कुठं नि ०.३४ कुठं. याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

रोहू-कटला खालच्या पायरीवरचे खाणारे, शेवाळ, सूक्ष्म जीव आणि आपण टाकतो तो कोंडा-पेंड. मरळ शिकारी, बेडूक, किडे आणि दुसऱ्यांची पिल्लं, स्वतःचीसुद्धा सोडत नाही. म्हणजे बाकीच्यांनी जमवलेला पारा ती आयता गिळते. दुसरं वय. रोहू आठ महिन्यांत काढला, शिवाय तो भसाभस वाढतो, थोडाफार पारा असला तरी वाढत्या मांसात पातळ होत जातो. मरळीचं वय आम्ही अंदाजानं काढलं आणि ते काढायला दुष्काळ उपयोगी पडला. गावतळं २०१८ च्या दुष्काळात पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पार आटलं, तळाला भेगा पडल्या, पोरं क्रिकेट खेळायची. २०१९ च्या परतीच्या पावसात ते भरलं. तेव्हा मरळ आत आली, किंवा ओल्या चिखलात दडून राहिलेली एखादी वाचली, ती तशी चिवट जात आहे, हवेतला श्वास घेते. म्हणजे आबांच्या टोपल्यातल्या मोठ्या मरळी चार-साडेचार वर्षांच्या असायला हरकत नाही. २०२३ चा पाऊस कमी झाला, पाणी गुडघ्यावर आलं, म्हणून इतकी वर्षं न सापडलेल्या मरळी नेमक्या यावर्षी फेकजाळ्यात यायल्या.

आणि तिसरं, चिखल. पारा सगळीकडं थोडा थोडा असतोच, जमिनीत असतो, कोळसा जळल्यावर हवेत जातो आणि पावसाबरोबर खाली येतो. तो साधा पारा पोटात गेला तरी फारसा अंगात शिरत नाही. त्याचा मिथाइल पारा होतो तेव्हा तो घातक होतो, आणि हे काम जिथं ऑक्सिजन नाही अशा काळ्या, वास मारणाऱ्या गाळातले जिवाणू करतात. आटायचं, भेगा पडायच्या, परत भरायचं, याला तर ते अजून जोर धरतं, आणि मराठवाड्यातली गावतळी दुसरं करतात काय. कागदाच्या शेततळ्यात तो जुना गाळच नाही, दरवर्षी उपसलं की तळ कोरा. म्हणून गाळाचा एकूण आकडा साधा ०.०४ असूनसुद्धा मरळीत ०.३४ येऊ शकतो. गाळात किती आहे याच्यापेक्षा त्यातल्या किती पाऱ्याचं रूप बदललं आणि तो किती पायऱ्या चढला, यावर सगळं ठरतं.

हे सगळं मी आबांच्या ओसरीवर सांगत होतो तेव्हा आतून सूनबाई ऐकत होत्या. त्यांना पाचवा महिना. माझ्या त्या पहिल्या फोनपासून घरात मासा बंद होता आणि त्याआधी कुणीतरी मोबाईलवर मेसेज पाठवलता की पोटातल्या बाळाला पारा लागतो. मेसेज अर्धा खरा होता, ही त्यातली अडचण. जपानच्या मिनामाताला एका कारखान्यानं १९३२ पासून १९६८ पर्यंत पारा खाडीत सोडला, १९५६ ला आजार अधिकृतपणे नोंदला गेला, त्यात कितीतरी बाळं अशी जन्मली की आईला फारसं काही झालेलं नाही आणि बाळाच्या मेंदूवर सगळा घाव. मिथाइल पारा वारेतून बाळाकडं जातो आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त होतो. त्या गावाच्या नावानं आता आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारतानं तो २०१८ ला मान्य केलाय. पण तिथला मासा आणि आबांचा रोहू यांच्यात तेवढाच फरक आहे जेवढा महापुरात आणि नळाच्या गळतीत.

आबांच्या कारभारीण म्हणाल्या, "सर, सरळ सांगा, हिनं खायचा का नाही? मरळ तर आम्ही मुद्दाम देतो बाळंतपणाला, ताकदीची म्हणून."

तेव्हा वहीवर हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी मिथाइल पाऱ्याची जी आठवड्याची सीमा धरलीय ती शरीराच्या प्रत्येक किलोमागं १.६ मायक्रोग्रॅम, आणि ती पोटातल्या बाळाचा विचार करूनच ठरवलेली आहे. सूनबाई ५२ किलो, म्हणजे आठवड्याला ८३. रोहूत किलोला २० ते ३० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून दोनदा दोनशे-दोनशे ग्रॅम खाल्ला तर ८ ते १२. सीमेच्या आसपासही नाही. ती अडीच किलोची मरळ दोनदा खाल्ली तर १३६, सीमा ओलांडली, एकदा खाल्ली तरी ६८. म्हणजे सरकारी ०.५ च्या मर्यादेत पास झालेला मासासुद्धा गरोदर बाईला रोज खाण्यासारखा असेलच असं नाही, विकायची मर्यादा वेगळी आणि ताटातला हिशोब वेगळा. मी म्हणलं, रोहू खुशाल खाऊ द्या, मासा तोडूच नका, बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी आणि चांगलं प्रोटीन त्यात असतं, ते बंद करणं हेही नुकसानच. मोठी म्हातारी मरळ तेवढी बाळ अंगावर पीत असेपर्यंत नको. अंगातला पारा निम्मा व्हायलाच दीड-दोन महिने लागतात, त्यामुळं आज खाल्ला आणि उद्या सोडला असं होत नाही.

त्यांनी विचारलं, कातडं काढून, चांगलं तळून? नाही जात. हा पारा चरबीत नसतो, मांसाच्या प्रोटीनला चिकटलेला असतो, आणि तळल्यावर पाणी उडतं म्हणून तुकड्यात उलट दाटच होतो.

एक गोष्ट इथं स्पष्ट करतो, नाहीतर मरळवाले माझ्या दारात येतील. हे सगळं गावतळ्यातल्या चार वर्षांच्या मरळीबद्दल आहे. टाकीत किंवा शेततळ्यात खाद्यावर वाढवून आठ-दहा महिन्यांत काढलेली पाऊण किलोची मरळ वेगळी. तिच्या खाद्यात समुद्री माशांचं कुट असतं त्यामुळं ती रोहूएवढी कोरी नसेल, पण तिला साठवायला वर्षं मिळालेली नसतात. आणि मृगाला हैदराबादला जाऊन दम्यासाठी जिवंत मरळीचं पिल्लू गिळणारे आपल्याकडचे बरेच आहेत, त्या बोटभर पिल्लात पाऱ्याची भीती धरू नका, औषधाचा गुण येतो का ते त्यांचं त्यांना माहिती.

पैशाचं शेवटी असं झालं. साडेचार क्विंटल माल १२० नं ५४ हजारांचा होता, नांदेडच्या व्यापाऱ्यानं ९५ नं उचलला, त्याला रिपोर्ट दाखवला तर म्हणाला ठेवा तुमच्याकडंच, बर्फ किती टाकला ते सांगा. ४२,७५० आले. सव्वाअकरा हजार भावात गेले, बारा दिवसांचं खाद्य चार हजारांच्या वर, आणि दोन लॅबचं आणि त्या पाण्याच्या बाटलीचं बिल वेगळं. मी माझी फी घेतली नाही, घ्यायला तोंडच नव्हतं.

आता आबांच्या शेडमध्ये एक वही लटकवलीय, नमुना जाताना त्यात मासा कोणता, कुठल्या तळ्याचा, किती वजनाचा हे लिहून नेणाऱ्याची सही घेतात. टोपली दोन केल्या, निळं शेततळ्याचं आणि लाल गावतळ्याचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गावतळ्यातल्या मोठ्या मरळी काढून टाकायचं ठरलंय, त्यानं बोटुकलीही वाचते, तो फायदा तर पाऱ्याच्याही आधीचा. आणि मी कुणी रिपोर्टचा फोटो पाठवला की पहिला मेसेज टाकतो, अंगठा काढून परत पाठवा.

जूनमध्ये, पेरण्या चालू असताना, आबांना त्याच केटरिंगवाल्याचा फोन आला. एका लग्नाची ऑर्डर होती. आबांनी विचारलं, रोहू पाहिजे का, ह्या टायमाला रिपोर्टपण हाय चांगला. तो म्हणाला नाही आबा, रोहूत काटे लई असतात, पाहुणे नाराज होतात, तुमच्या गावतळ्यात ती मरळ आहे ना, ती द्या, आणि मोठीच द्या.